हूडवाले मास्तर

"एकदाच दाबा. दुसऱ्यांदा दाबलं का ती खोटं बोलाया लागती."

असं म्हणून मास्तर एक बोट वर करायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. गाडीभोवती कितीही माणसं जमलेली असोत, ते बोट वर गेलं की सगळ्यांनी गप्प बसायचं. मग कुणीतरी बटण दाबायचं आणि गाडीच्या आतून जो काही आवाज येईल तो मास्तर मान तिरकी करून ऐकायचे. आवाज आलाच नाही, तर जास्त खूश व्हायचे.

"काईच बोलली नाय! हे लय चांगलं. म्हंजी रुसलीय. मोडली नाय."

नाशिकमध्ये गेल्या काही वर्षांत तुम्ही एखादी झोकदार वरात पाहिली असेल, तर ती गाडी तुमच्या नजरेतून सुटली नसणार. पांढरी, लांबलचक, परदेशी बनावटीची, वर काळं कापडी हूड. बटण दाबलं की हूड आपोआप उचललं जायचं, घडी घालून मागे डिकीत जाऊन बसायचं आणि आतले नवरा-नवरी उघड्यावर यायचे. रस्त्यावरची पोरं टाळ्या वाजवायची. वरातींना घोडे, बग्ग्या पुरवणाऱ्या एका शेठची ती गाडी. शेठने ती कुठून, कशी आणली ते त्यालाच ठाऊक. पण आणली तेव्हाच ती म्हातारी होती आणि तिचं हूड लहरी होतं.

मी फुलवाली. इंदिरानगरात माझं दुकान आहे आणि लग्नाच्या गाड्या सजवणं हा माझा धंदा. दुकानाला लागूनच मास्तरांची पत्र्याची शेड होती. रिक्षाची हुडं, जीपचे पडदे, गाड्यांच्या सीटची कव्हरं असं काय काय ते शिवायचे. मूळचे येवल्याचे. घरात हातमाग होता, पण यांचं चित्त मागावरच्या कापडापेक्षा मागाच्या दोऱ्या-खुंट्यांत जास्त. कुठली खुंटी हलली की कुठला धागा उचलतो हे बघायला लहानपणी त्यांनी वडिलांचा चालू माग सोडवला होता म्हणे. "मंग काय झालं?" मी विचारलं. "मंग मी नाशकाला आलो," मास्तर म्हणाले.

शेठची गाडी त्यांच्याकडे पहिल्यांदा आली ती हुडाची शिवण उसवली म्हणून. शिवण काय, तासाभराचं काम. पण मास्तरांनी हूड आपोआप हलताना पाहिलं आणि त्यांचा दिवस संपला. दुपारभर ते हूड उघडत होते, मिटत होते, खाली वाकून बघत होते, परत उघडत होते. चहा गार झाला, शिलाईच्या मशीनवरचं कापड तसंच राहिलं. शेवटी गाडीची बॅटरी बसली आणि शेठच्या माणसांना ती ढकलत न्यावी लागली. शिवण तशीच उसवलेली.

त्यांचा अंदाज असा, की आत मोटर असेल आणि मोटर तारेने हूड ओढत असेल; विहिरीवरचा रहाट जसा. दुसऱ्या खेपेला गाडी आली तेव्हा ती तार शोधायला म्हणून त्यांनी एक नळी सोडवली. नळीतून लाल तेलाची पिचकारी उडाली ती थेट माझ्या पांढऱ्या जर्बेऱ्यांवर. संध्याकाळच्या लग्नाची फुलं होती ती! मी तोंडाला येईल ते बोलले. माझं तोंड तसं तिखट आहे, गल्लीला माहीत आहे. मास्तर तेलाने निथळत उभे आणि चेहऱ्यावर हा आनंद.

"ताई, अवो हिला तार नाय! हिला तेल हाय तेल! तेलाचा दाब दांड्याला ढकलतो आन् दांडा टोपीला उचलतो. मी साफ चुकलो व्हतो!"

स्वतः चुकलो हे इतक्या आनंदाने सांगणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. फुलांची भरपाई म्हणून पुढे महिनाभर ते माझ्या दुकानाची ताडपत्री फुकट शिवून देत होते, आणि प्रत्येक टाक्याबरोबर मला त्या गाडीचं नवं काहीतरी सांगत होते. हुडाला ते टोपी म्हणायचे आणि डिकीला पोट.

टोपी उघडते कशी, ते मला एकदा त्यांनी नीट समजावलं. आधी काचा खाली जातात. काचा पूर्ण खाली गेल्याचा निरोप पोचला की मागचं झाकण उठतं. झाकण उठल्याचा निरोप पोचला की मग टोपी हलते. प्रत्येक ठिकाणी एक बारकंसं स्विच बसलेलं, आणि त्यातल्या एकाने जरी होकार दिला नाही तर पुढचा हलतच नाही.

"पंगतीवानी हाय," मास्तर म्हणाले. "पहिली पंगत उठल्याबिगर दुसरीची पानं मांडत न्हाईत. आन् त्यातला एखादा मानकरी रुसून बसला का सगळंच खोळंबलं. आपलं काम काय, तर रुसलेला मानकरी कोन ते हुडकायचं. बाकीच्यांना हात लावायचा नाय."

मला खरं तर या सगळ्याशी काय घेणंदेणं? पण सांगायची गोष्ट ही, की मला गोडी लागली. गाडी सजवायला आली की मीच शेठच्या ड्रायव्हरला म्हणायचे, दाब रे एकदा, बघू दे. झाकण उठतं, हुडाच्या काटक्या कोपरात वाकतात, कापड पोटाशी घेऊन मागे जातात. कितीही वेळा पाहिलं तरी वाटायचं, हे कुणाला सुचलं असेल?

आमची भांडणंही त्या हुडावरूनच. मी हार बांधायला तार वापरायचे आणि मास्तर येऊन हुडावर बोट फिरवून भोकं मोजायचे. "ताई, तुमचा गुलाब संध्याकाळी सुकनार. ही टोपी जन्मभर गळनार." मी म्हणायचे, मग नवरा-नवरीला काय बोडकीच गाडी देऊ? शेवटी तह झाला. मी तार सोडली, त्यांनी मला हुडाच्याच उरलेल्या कापडाच्या नाड्या शिवून दिल्या. त्या नाड्या इतक्या सुबक होत्या की गिऱ्हाइकं त्यांनाच सजावट समजायची.

एकदा ज्येष्ठातलं लग्न होतं, इगतपुरीला. तिथला पाऊस तुम्हाला सांगायला नको. वरात निघाली आणि हूड मिटता मिटता मधेच अडकलं. अर्धवट उभं, कावळ्याने पंख पसरावेत तसं. ड्रायव्हरचा फोन आला. मास्तर मिळेल त्या एसटीने निघाले आणि मी त्यांच्याबरोबर, कारण वीस हार माझे होते आणि ते भिजत होते. जाऊन बघतो तर सगळं वऱ्हाड आळीपाळीने बटण दाबतंय.

मास्तरांनी बोट वर केलं. एकदा दाबायला लावलं. ऐकलं. मग आपल्या पिशवीतून ताडपत्री काढली, गाडीवर टाकली आणि नवरा-नवरीला म्हणाले, "बसा. पंप दमलाय. तुमी लोकांनी दाबू दाबू तापावला त्याला. त्याच्या डोक्यात एक कळ असती, लय तापला का ती त्याला झोपावती. जरा झोपू द्या." नवरा रेल्वेत आहे हे वऱ्हाडात कुणीतरी बोललं होतं; ताडपत्रीखाली बसून त्यांनी त्याला विचारलं, रेल्वेत काय काम करता? तो म्हणाला, सिग्नलला आहे. झालं! एका गाडीचा निरोप पुढच्या स्टेशनला कसा जातो, निरोप पोचलाच नाही तर सिग्नल काय करतो, सगळं खोदून खोदून. नवरी बिचारी ओल्या शालूत ऐकतेय. मधेच ती नवऱ्याला म्हणाली, "हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाही." पंप जागा झाला, हूड मुकाट्याने मिटलं, तरी मास्तरांचे प्रश्न संपले नव्हते.

असा माणूस एका सकाळी शेडमध्ये मशीनवर बसल्या बसल्या कलला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मी दुकानातून धावले तेव्हा ते जमिनीवर होते आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून बघत होते, सोडत होते, परत उचलत होते. मला अजूनही वाटतं, त्या क्षणीसुद्धा ते घाबरलेले नव्हते. कुठला निरोप पोचत नाहीये ते ते बघत होते.

त्यांना एकच मुलगी. शाळेत शिकवते. तिचं लग्न ठरलेलं, पत्रिका वाटून झालेल्या, मुलगा सिन्नरचा. दवाखान्यातून मास्तर घरी आले ते उचलूनच. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना असा अरुंद की एक माणूस तिरका होऊन चढेल. डॉक्टरांनी बजावलं होतं, इतक्यात खाली उतरवायचं नाही. खुर्चीत बसवलं तरी थोडाच वेळ. नातेवाइकांनी लग्न पुढे ढकलायचं काढलं, तर मास्तरांनी डाव्या हाताने उशाशी असलेला स्टीलचा पेला भिंतीवर फेकला. लग्न ठरल्या दिवशीच होणार हे त्यावरून सगळ्यांना कळलं.

पण त्यानंतर ते शांत होईनात. डाव्या हाताची चिमूट डोक्यावर न्यायची आणि उघडायची. सारखं तेच. त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, वाटलं डोकं दुखतंय; त्या डोक्याला तेल लावत बसल्या. संध्याकाळी मुलगी शाळेतून आली, तिने जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "बाबा, अक्षता?"

मास्तरांनी डोळे मिटले आणि त्यांच्या कानशिलावरून पाणी उशीवर उतरलं.

मुलीचं लग्न आणि बापाच्या हातची अक्षता नाही, एवढंच त्यांना लागलं होतं. मग मुलीनेच ठरवलं: लॉन्सवर लग्न लागलं की शेठच्या गाडीतून पाठवणी, आणि सिन्नरच्या रस्त्याला लागण्याआधी गाडी आपल्या गल्लीत आणायची, गॅलरीखाली उभी करायची, हूड उघडायचं. बाबा वरून अक्षता टाकतील.

यावर तिची आत्या आडवी आली. येवल्याहून आलेली, मास्तरांची थोरली बहीण. "पाठवनी झालेली पोर सासरचा उंबरा ओलांडल्याबिगर माहेरच्या दारात पाय टाकत नाय. आपल्यात चालत नाय ते." पुष्कळ वादावादी झाली. शेवटी आत्या एवढ्यावर राजी झाली, की गाडी गल्लीत आली तर येऊ दे, पण पोरीने खाली पाय ठेवायचा नाही.

"मावशी, तुम्ही गाडीबरोबर या," मुलगी मला म्हणाली. "बाबांचा हात तुम्हाला कळतो."

लग्न छान झालं. उन्हं कडक होती म्हणून पाठवणीला हूड मिटलेलंच ठेवलं. मी पुढच्या बाजूला ताजे हार बांधण्यात गुंतले होते. गाडी गल्लीत शिरली तेव्हा वर गॅलरीत मास्तर खुर्चीत बसलेले दिसले. अंगात नवा सदरा, मांडीवर अक्षतांचं ताट, पाठीमागून वहिनींनी दोन्ही खांद्यांना धरलेलं. गल्लीतले लोक आपापल्या दारात. गाडी बरोबर खाली उभी राहिली.

ड्रायव्हरने बटण दाबलं. काही नाही.

परत दाबलं. नवऱ्याचा भाऊ पुढे वाकून दाबू लागला. कुणी म्हणालं फ्यूज, कुणी म्हणालं बॅटरी. एकाने मोबाइलवर बघायला सुरुवात केली. आतून मुलगी "बाबा!" म्हणून हाक मारत होती, मागच्या सीटजवळची काच खाली केली तरी वीतभर, तिच्यातून हिरव्या चुड्याचा हात तेवढा बाहेर आला. दाराच्या कडीला तिने हात घातला तशी आत्या दारापुढे जाऊन उभी राहिली. "उतरायचं नाय हां! सांगून ठिवते." पण सांगताना तीही वर भावाकडेच बघत होती.

वरून मास्तरांना काय दिसत असेल? काळं कापड. ज्याला त्यांनी इतकी वर्षं टाके घातले ते. आणि त्याखाली त्यांची मुलगी. खुर्चीत ते एका बाजूला घसरायला लागले होते, वहिनी त्यांना सावरत होत्या, आणि मला वाटलं, संपलं हे. आता त्यांना आत न्यावं लागेल आणि गाडी जाईल.

तेवढ्यात मास्तरांचा डावा हात ताटातून वर आला. एक बोट.

मी ओरडले, "गप्प बसा सगळे! हात काढा बटणावरून!" माझ्या तोंडाचा त्या दिवशी काय तो उपयोग झाला. गल्ली चिडीचूप. ड्रायव्हरने एकदाच दाबलं. मास्तरांनी मान तिरकी करून डोळे मिटले. खाली काहीच वाजलं नाही. त्यांनी डोळे उघडले आणि पोटावर थाप मारली. एकदा, दोनदा.

"काय होतंय? पोटात कळ आली का हो?" वहिनी घाबरल्या. "अहो, उचला रे यांना, आत घ्या!"

"थांबा वहिनी!" मी खालून म्हणाले. "त्यांच्या नाही. हिच्या पोटात!"

डिकी उघडली आणि मी कपाळावर हात मारला. आत सगळं रुखवत! लॉन्सवर कुणातरी हौशी माणसाने डिकी बघितली, केवढी जागा म्हणून हरखला, आणि भरली. हूड घडी होऊन जिथे बसतं ती जागा एका पडद्याने राखलेली असते; पडदा आकड्याला अडकवलेला असला तरच गाडी हूड सोडते. यांनी पडदा काढून गुंडाळून ठेवला होता आणि त्या जागी लाडवांचे डबे, साटोऱ्यांची चळत, समई, फेटा बांधलेला नारळ, क्रोशाची तोरणं, आणि सगळ्यात वर वहिनींनी बांधून दिलेली शिदोरी. नाशिकच्या लग्नातली डिकी रिकामी कशी राहील? गाडी बनवणाऱ्याने सगळ्याचा विचार केला असेल, आमच्या रुखवताचा केला नव्हता.

सगळ्यांनी हातोहात ते रस्त्यावर काढलं. समई एका दारात, लाडू दुसऱ्या दारात, फेटेवाला नारळ मोबाइलवाल्याच्या काखेत. मी पडदा उलगडला, दोन्ही आकड्यांना लावला, डिकी मिटली.

"गाडी चालू ठेव," मी ड्रायव्हरला म्हणाले. "आता दाब. एकदाच."

घर्र झालं. काचा खाली गेल्या. झाकण उठलं. काटक्या कोपरात वाकल्या, काळं कापड सावकाश वर उचललं गेलं, आणि त्याखालून मुलीचा चेहरा उघडा झाला. मुंडावळ्या विस्कटलेल्या, काजळ पसरलेलं, मान वर केलेली.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग समोरच्या ओट्यावरच्या एका आजोबांनी, कुणी सांगितलं नसताना, खड्या आवाजात "शुभमंगल सावधान!" म्हटलं आणि मास्तरांनी डाव्या हाताने मूठ भरून टाकली. ती पहिल्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडली. त्यांनी दुसरी भरली. ती माझ्या डोक्यावर. वहिनींनी त्यांच्या कोपराखाली हात घातला आणि तिसऱ्या मुठीचे तांदूळ बरोबर मुलीवर पडले. कपाळावर, मुंडावळ्यांवर, ओंजळीत. सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. आत्या पदर तोंडात कोंबून रडत होती. मी रडत नव्हते असं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

पुढच्या थंडीत मास्तर गेले. मी तेव्हा गावाला होते, मला त्यांचं दर्शन झालं नाही. त्यामुळे त्यांचं शेवटचं म्हणून मी जपलंय ते हेच.

टाळ्या थांबल्या, ड्रायव्हरने गिअर टाकला, आणि मास्तरांचा हात परत हलायला लागला. घाईघाईने. बोटाने झाडल्यासारखं करत होते. काही तांदूळ हुडाच्या खाचेत पडले होते, झाकण जिथे मिटतं तिथे. मुलीच्या लक्षात आलं. ती रडता रडता हसायला लागली, सीटवर गुडघे टेकून मागे वळली आणि खाचेतला एकेक दाणा वेचायला लागली. वेचलेले पदरात ठेवत होती. वरून मास्तर बोटाने दाखवत होते: तिकडे, त्या कोपऱ्यात, अजून एक, तो राहिला. ती तो उचलायची.

मी गाडीला टेकूनच उभी होते. खाच आता स्वच्छ झालेली मला दिसत होती. एकही दाणा उरला नव्हता. तरी मास्तर दाखवतच होते, तिकडे, तिकडे, आणि मुलगी मान वर करून त्यांच्याकडे बघायची, मग खाली वाकायची आणि नसलेले तांदूळ वेचत राहायची.